नेहमीच्या बाजूची खाच

वूलाने एकतीस वर्षांत दहा-बारा हजार उंदरांचे मेंदू कापले होते, पण तिच्या नवऱ्याने ही गोष्ट क्लबात कधी कुणाला सांगितली नव्हती. मेलबर्नमधल्या कोबर्गच्या ग्रीक म्हाताऱ्यांच्या क्लबात स्टाथिस एवढंच म्हणायचा, "बायको संशोधनात आहे." कुणी फारच खोदून विचारलं तर "डोक्याचं काम आहे" असं सांगून सोंगट्यांचा पट पुढे ओढायचा.

मागच्या पंधरवड्यात मात्र त्याची जीभ सुटली. झालं असं, की वूलाच्या संस्थेतला मेंदूवरचा एक लेख जगातल्या नावाजलेल्या मासिकात छापून यायचं ठरलं, आणि लेखावरच्या पाच नावांत चौथं नाव होतं स्टावरूला कारामानू, म्हणजेच वूला. सतराव्या वर्षी बोटीतून मेलबर्नला उतरलेली ही बाई. सहा वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात काढली, नऊ वर्षं संस्थेच्या फरश्या पुसल्या, आणि इंग्रजी अक्षरं गिरवली ती चाळिशीत, मुलीच्या शाळेच्या वहीत. तिच्या कापांवर आजवर सव्वाशे लेख निघाले असतील. एकावरही तिचं नाव नव्हतं. फार तर शेवटी बारीक अक्षरांत 'प्रयोगशाळेतील मदतीबद्दल आभार'. आता निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना नाव येणार होतं.

स्टाथिसने खाटकाला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं. रविवारी प्रार्थनेनंतर क्लबाच्या अंगणात अख्खं कोकरू भाजायचं ठरवून साठ माणसांना आवतण दिलं. मग बैठकीच्या भिंतीवरची सोनेरी चौकट उतरवली, तिच्यातला धाकट्या भावाच्या लग्नाचा फोटो काढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि रिकामी चौकट पुन्हा खिळ्याला अडकवली.

"अरे, छापून तर येऊ दे आधी," वूला म्हणाली.

"येणारच आहे. आणि भावाचं ते लग्न तरी कुठे टिकलं?"

लेख होता भीती विसरण्याबद्दल. एखाद्या पिंजऱ्यात उंदराच्या पायाला बारीकसा झटका बसला, की पुढच्या वेळी तो पिंजरा बघूनच तो थिजतो. पण नंतर आठवडाभर झटका बसलाच नाही, तर हळूहळू तो ती भीती विसरतो. मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना एकेक मोहरीएवढी गाठ असते. विसरायचं काम त्यातली कुठली करते? दुसऱ्या देशांतल्या तीन प्रयोगशाळांनी सांगितलं होतं, उजवी. मेलबर्नने सांगितलं, डावी. म्हणून तर मासिकवाले हुरळून गेले होते.

हा शोध डॉक्टर ब्रायनी टेलफरचा. ती न्यूझीलंडची, डनेडिनची. दोन वर्षांपूर्वी आली, नोकरी येत्या डिसेंबरपर्यंतची. उंच, तांबड्या केसांची, आणि घाई अशी की चहासुद्धा उभ्यानेच प्यायची. दोघींची कामं वाटलेली होती. खालच्या मजल्यावरून लहान बाटलीत मेंदू यायचा, औषधात घट्ट झालेला, मोठ्या शेंगदाण्याएवढा. वूला प्रत्येकाला पुटपुटत "देव तुझं भलं करो" म्हणायची आणि मग त्याला यंत्राच्या तबकावर चिकटवायची. थरथरणाऱ्या पात्याखाली केसाच्या जाडीचे काप पडायचे. ते बारीक कुंचल्याने उचलून ती खळग्या-खळग्यांच्या तबकडीत, पाण्यात सोडायची. पाण्यात काप तरंगतो, उलटतो, गिरकी घेतो. मेंदूच्या दोन्ही बाजू दिसायला अगदी सारख्या. एकदा काप उलटला की डावी कुठली नि उजवी कुठली, हे देवालाही सांगता यायचं नाही. म्हणून कापायच्या आधी वूला पात्याच्या टोकाने मेंदूच्या एका कडेला पुढून मागपर्यंत खाच पाडायची. मग ती खाच प्रत्येक कापावर दिसायची. ब्रायनी काप काचेवर घ्यायची, मायक्रोस्कोपखाली खाच शोधायची आणि डावं-उजवं ठरवायची.

दोन वर्षांत असे चौसष्ट मेंदू झाले. खाच कुठल्या बाजूला, हे दोघींपैकी कुणीच दुसरीला विचारलं नाही. जेवताना घास कुठल्या हाताने घेतेस, असं कुणी कुणाला विचारतं का?

संस्थेत रीत अशी, की ज्याचा लेख स्वीकारला जाईल त्याने साडेदहाच्या चहाला केक आणायचा. गुरुवारी वूलाने आणला. घरी पहाटे उठून अक्रोडाचा केक भाजला, सुरीने कोरून त्याला मेंदूचा आकार दिला, वर फिकट गुलाबी साखरेचा थर चढवला. पुढच्या टोकाला, उंदीर वास घेतो त्या दोन गाठींच्या जागी, दोन सुकी अंजिरं बसवली. मागे लहान मेंदूच्या जागी अंड्याच्या पांढऱ्याची कुरकुरीत मेरिंग. आणि घरातून निघता निघता, हाताला सवयच ती, सुरीच्या टोकाने कडेला एक खाच पाडली. आपण ती पाडली हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

केकवरचं झाकण काढलं तशी सगळी टेबलाभोवती जमली.

"वूला, हा तर मेंदू!"

"मग काय फुटबॉल वाटला?"

ब्रायनी कप हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "सुरेख! फक्त खाच तेवढी चुकली. दुसऱ्या बाजूला हवी होती."

"दुसऱ्या म्हणजे?"

"उजव्या."

"खाच डावीकडे असते, पोरी."

"तू टेबलाच्या त्या अंगाने बघतेस म्हणून तुला तसं वाटतंय. इकडे ये."

वूला टेबलाला वळसा घालून गेली, ब्रायनीच्या शेजारी उभी राहिली. "आले. डावीकडेच आहे."

ब्रायनीने ताट धरून अर्धा फेरा फिरवलं. "आता बघ. आता उजवीकडे."

"अगं, तू आख्खा उंदीर फिरवलास! अंजिरं बघ कुठे आली. आता तो तुझ्याकडे तोंड करून बसलाय."

"त्यांच्याकडे मेंढ्यांना नाक मागे असतं वाटतं," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. न्यूझीलंडच्या माणसाला मेंढ्यांवरून एक टोला हाणल्याशिवाय मेलबर्नमध्ये चहा घशाखाली उतरत नाही.

ब्रायनीही हसली. हसता हसता मध्येच थांबली. कप टेबलावर ठेवून हळू आवाजात म्हणाली, "वूला, तू नेहमीच डावीकडे पाडतेस? की फक्त केकला?"

"केकसाठी मी वेगळी बाजू राखून ठेवलीय की काय?"

तेवढ्यात संस्थेचा प्रमुख कीथ हॉलोरन सुरी घेऊन पुढे झाला. बाहेरच्या जगाला तो प्रोफेसर. वूलाला नुसता कीथ. ती फरश्या पुसायची तेव्हा तो इथे मानेपर्यंत केस वाढवलेला विद्यार्थी होता आणि जिथे जाईल तिथे कॉफी सांडायचा. "डाव्या मेंदूचा विजय असो!" असं म्हणत त्याने नेमका खाचेचा तुकडा कापला आणि तोंडात टाकला.

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. या दोघी मात्र बाहेर पडून कापायच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"नीट आठव," ब्रायनी म्हणाली. "डावी म्हणजे डावीच ना? तुझी खात्री आहे?"

"पोरी, मला हे काम म्हाताऱ्या गनसाहेबांनी शिकवलं. तेव्हा माझं इंग्रजी हो-नाहीपुरतं. लेफ्ट कुठलं नि राइट कुठलं, माझा गोंधळ व्हायचा. म्हणून मी मनाशी गाठ मारून ठेवली. उंदराने क्रुसाची खूण केली, तर त्याचा हात शेवटी जिथे टेकेल, तिथे खाच." वूलाने स्वतः करून दाखवलं. कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा खांदा. "टेकला. ही बघ बाजू. एकतीस वर्षं हीच."

ब्रायनी तिच्या डाव्या खांद्यावरच्या हाताकडे बघत राहिली. "डनेडिनला उजवीकडे पाडतात. सगळेच पाडतात."

"सगळे म्हणजे किती जण?"

"मी आणि माझे सर."

"आणि आजवर इथे कुणाला कसं कळलं नाही?"

"तुझे आधीचे लोक दोन्ही बाजू एकत्रच मोजायचे. डावं-उजवं हवं होतं ते मला पहिलीला."

पण अंदाजावर भरवसा ठेवणारी माणसं ती नव्हेत. फ्रिजमध्ये मार्चमधल्या सरावाच्या उंदरांचे काप पडून होते. ब्रायनीने त्या चार उंदरांना स्वतःच्या हाताने मेंदूच्या उजव्या बाजूला निळा रंग टोचला होता आणि झाकणावर 'निळा, उजवा' असं लिहून ठेवलं होतं. सरावाचे म्हणून नंतर कुणी ते उघडून बघितले नव्हते. ब्रायनीने एक काप काचेवर घेतला. तिची खाच खरी असती, तर निळा ठिपका आणि खाच एकाच बाजूला दिसायला हवी होती. तिने मायक्रोस्कोपात डोळा घातला, बराच वेळ बघितलं, आणि बाजूला झाली. वूलाने बघितलं. निळा ठिपका एका कडेला, खाच दुसऱ्या कडेला. दुसरा काप घेतला, तसाच. चारही तसेच.

"म्हणजे विसरायचं काम उजवी गाठ करते," वूला म्हणाली.

"हो."

"जे जगाला आधीपासूनच ठाऊक होतं."

"हो."

"आणि त्यासाठी आपण चौसष्ट बिचारे…"

"हो, वूला. हो!"

ब्रायनी स्टुलावर बसली. दोन वर्षांत वूलाने तिला या खोलीत बसलेलं पहिल्यांदाच बघितलं. लेखाची शेवटची तपासलेली प्रत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मासिकाकडे पाठवायची होती. एकदा ती गेली की छपाई.

वूलाने ओल्या कुंचल्याचं टोक बोटांनी पिळलं, कागदावर टिपलं, पुन्हा पिळलं. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "मी काय म्हणते, उद्यापासून मी उजवीकडे खाच पाडते. तीनच आठवडे राहिलेत माझे. कुणाला कळणार?"

ब्रायनीने विचार केला. "कुणालाच नाही. मासिकवाल्यांनी चित्रं तपासली, आकडे तपासले. खाचेबद्दल कुणी अवाक्षर विचारलं नाही."

"मग झालं तर."

"झालं तर."

दोघी हलल्या नाहीत. यंत्राचं पातं कुणीतरी चालू ठेवलं होतं. ते आपलं काही न कापता थरथरत होतं.

एवढ्यात वूलाचा फोन वाजला. स्टाथिस होता. क्लबातून बोलत होता, मागे सोंगट्या आपटल्याचा आवाज येत होता.

"वूला, आपली चौकट हातभर लांब आहे. लेख केवढा असतो? कापावा लागला तर तू घरी कापून देशील ना? तुझा हात चांगला आहे."

"स्टाथिस, समज, लेख नाहीच आला…"

"कसा नाही येणार? कोकरू आलंय!"

"जिवंत?"

"छे गं, खाटकाकडे टांगलंय. आणि ऐक, पाद्रीबाबा दोन शब्द बोलणार आहेत. मी त्यांना समजावून सांगितलं, माझ्या बायकोने सिद्ध केलंय, विसरायचं काम डाव्या बाजूला चालतं. ते म्हणाले, तरीच मी चष्मा डाव्या हाताला ठेवला की विसरतो! इथे सगळे तेच बोलताहेत. थानासिस तर आता डाव्या कुशीवर झोपत नाही."

"का?"

"डावीकडे रक्त साचलं तर सगळंच विसरायला होईल म्हणतो. तीन रात्री उजव्याच कुशीवर काढल्या त्याने. मान धरलीय बिचाऱ्याची. आत्ता सोंगट्या खेळतोय तो अख्खं अंग वळवून."

मागून थानासिसचा आवाज आला, "तिला विचार, पाठीवर झोपलेलं चालतं का?"

वूलाने फोन ठेवला. यंत्राचं बटण बंद केलं. अॅप्रन काढून खुंटीला लावला.

"चल, पोरी. वर जाऊ."

"कुठे?"

"कीथकडे. अजून लेख छापलाही नाही तर एका म्हाताऱ्याची मान धरली. छापून आल्यावर जगात किती जणांची धरेल, हिशेब कर."

"वूला, तुझं नाव…"

"माझंच नाव म्हणून तर. एकतीस वर्षांत मी एक काप फाटू दिला नाही. पहिल्यांदा नाव येणार, तेही उलट्या गोष्टीखाली? उद्या त्या तीन प्रयोगशाळांपैकी कुणीतरी पुन्हा मोजेल आणि म्हणेल, मेलबर्नच्या त्या बाईला डावं-उजवं कळत नाही. मला कळतं!"

"आणि डिसेंबरनंतर मी काय करू?"

"जेवायला माझ्याकडे ये."

"आणि जानेवारीत?"

"जानेवारीतही ये. वांगी बरी येतात तेव्हा."

कीथच्या खोलीचं दार उघडंच होतं. तो वर्तमानपत्रवाल्याशी फोनवर बोलत होता, आणि टायवर गुलाबी साखर सांडलेली होती. "हो, डावी! सगळं जग उजवी म्हणत होतं, आमच्या उंदरांनी डावी म्हटलं… नाही हो, उंदरांना राजकारण नसतं…" त्याने हाताने दोघींना बसायची खूण केली. बसलं कुणीच नाही. त्यांच्या तोंडांकडे बघून त्याने "मी पुन्हा फोन करतो" म्हणत फोन ठेवला.

"कीथ," वूला म्हणाली, "खाच कुठल्या बाजूला असते?"

"ते मला काय विचारता? तुम्ही दोघी सांगा."

"डावीकडे."

"उजवीकडे."

दोघी एकदमच बोलल्या. कीथने एकीकडून दुसरीकडे बघितलं. मग ब्रायनीने सगळं सांगितलं, केकपासून निळ्या ठिपक्यापर्यंत. ऐकता ऐकता कीथ उभा राहिला. "अरे देवा," म्हणत त्याने क्रुसाची खूण केली. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा.

"उलटी केलीस," वूला म्हणाली.

"काय?"

"खूण. उलटी केलीस."

"वूला, आम्ही कॅथलिक लोक अशीच करतो. मी लहानपणापासून अशीच करत आलोय."

"म्हणूनच तर. तुझ्या हाताने उंदीर कापले असते तर खाच उजवीकडे गेली असती."

ब्रायनीच्या घरी क्रुसाची खूण करायची पद्धतच नव्हती, त्यामुळे ती नुसती दोघांच्या खांद्यांकडे बघत राहिली.

"पद्धतीचा कागद असेल ना!" कीथला एकदम आधार सापडला. "कापायची पद्धत लिहिलेला कागद. त्यात लिहिलं असणारच. कुठाय तो?"

तो कागद चहाच्या खोलीतल्या फ्रिजच्या दारावर होता, फुटबॉलचे सामने कोण जिंकणार याचे अंदाज टिपायच्या तक्त्याखाली, एकाच लोहचुंबकाने दाबलेला. त्या तक्त्यात वूला दुसरी होती आणि कीथ शेवटून दुसरा, म्हणून कीथ सहसा त्या दाराकडे बघत नसे. ब्रायनी धावत जाऊन कागद घेऊन आली. पिवळा पडलेला, घड्यांवर झिजलेला, एका कोपऱ्यावर कपाच्या बुडाचा तपकिरी गोल. सातव्या ओळीत लिहिलं होतं: 'कापण्यापूर्वी नेहमीच्या बाजूला खाच पाडावी.'

"नेहमीच्या!" कीथ टेबलावर हात आपटून ओरडला. "नेहमीच्या बाजूला! नेहमीची म्हणजे कुठली? कुठल्या गाढवाने लिहिलंय हे? तो मला आत्ता भेटू दे, त्याला खाली पाठवून उंदरांचे पिंजरे घासायला लावतो!"

ब्रायनीने कागद उलटला आणि त्याच्यासमोर धरला. मागे, टंकलेखन यंत्राच्या फिक्या अक्षरांत होतं: 'गनसाहेबांनी सांगितल्यावरून लिहून घेतले. कीथ हॉलोरन, विद्यार्थी.'

कीथने चष्मा काढला, पुसला, घातला, आणि नाव पुन्हा वाचलं.

"तो कॉफीचा डागही तुझाच आहे," वूला म्हणाली. "मी पुसला होता, पण निघाला नाही."

कीथ आधी खुर्चीत बसला आणि मग हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे टिपले. त्यात हसण्याचं पाणी किती आणि लेखाचं किती, ते त्यालाच ठाऊक. साडेचारला त्याने मासिकाला पत्र पाठवलं, लेख थांबवा म्हणून. मग वर्तमानपत्रवाल्याला फोन लावला. "मघाशी मी डावी म्हणालो ना? हो. ती उजवी. नाही, उंदीर तेच आहेत. बाजू तेवढी बदलली."

ब्रायनीला त्याने सांगितलं, सगळं नीट मांडून पुन्हा लिही, उजवी म्हणून. लहान मासिकात का होईना छापून येईल, नावं हीच पाच राहतील. तोवर पुढच्या मार्चपर्यंत तुझ्या नोकरीचं मी बघतो. मग कोरा कागद काढून वूलापुढे ठेवला.

"नवीन पद्धत तू लिही. माझ्या हातून पुन्हा लिहून घेणं बरं नाही."

"माझी अक्षरं शाळेतल्या पोरासारखी आहेत, कीथ."

"बरंच आहे. वाचता तरी येतील."

वूलाने लिहिलं. तिचं प्रत्येक अक्षर वेगळं, सरळ, पाय रोवून उभं असायचं. जोडून लिहायला ती कधी शिकलीच नव्हती. लिहायला पाऊण तास लागला. कीथने ते तसंच्या तसं छापून घेतलं, वर प्लास्टिकचं आवरण चढवलं. एक प्रत कापायच्या खोलीत लावली, एक फ्रिजवर, फुटबॉलच्या तक्त्याच्या वर. तिसरी वूलाच्या पिशवीत.

शुक्रवारी सकाळी तळमजल्यावर एक उंच माणूस निळा झगा, टोपी नि हातमोजे घालून पिंजरे घासत होता. वूला दारात उभी राहून बघत होती. "त्या कोपऱ्यात राहिलं, कीथ," ती म्हणाली. "नाही, त्या नाही. डाव्या."

घरी मात्र गुरुवारी संध्याकाळीच सांगावं लागलं होतं. स्टाथिसने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हातातल्या माळेचे मणी एकेक करून सरकवत राहिला. मग म्हणाला, "कोकरू परत घेत नाहीत."

"माहीत आहे."

"मी साठ माणसांना सांगितलंय."

"तेही माहीत आहे."

"आणि चौकटीचं काय?"

"भावाचा फोटो लाव परत."

"तो नको," स्टाथिस म्हणाला, आणि पुन्हा मणी मोजायला लागला. वूलाने पिशवीतून ती तिसरी प्रत काढून टेबलावर ठेवली. स्टाथिसने चष्मा लावला. एक ओळ वाचली, दुसरी वाचली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. मग उठून भिंतीवरची चौकट उतरवली आणि कागद तिच्यावर धरून बघितला. थोडा लहान पडत होता, पण बसत होता.

रविवारी अंगणात कोकरू भाजत होतं, धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता. ब्रायनीलाही वूलाने बोलावलं होतं. ती ताटली हातात घेऊन उभ्यानेच खात होती, तर तीन म्हाताऱ्यांनी तिला दंडाला धरून बसवलं. पाद्रीबाबांनी आपले दोन शब्द आधीच तयार केले होते. डाव्या बाजूचे होते, म्हणून ते न बोलता बसून राहिले. मग स्टाथिस चौकट छातीशी धरून बाकावर चढला.

"लेख आलेला नाही," तो म्हणाला. "माझ्या बायकोनेच थांबवला. का, ते नंतर सांगतो, लांबलचक आहे. आता हे ऐका." आणि त्याने इंग्रजी कागद मनातल्या मनात भाषांतर करत ग्रीकमध्ये मोठ्याने वाचला:

"मेंदू ठेवताना उंदराचं नाक तुमच्यापासून लांब, पलीकडे. खाच उंदराच्या डाव्या बाजूला. उंदराच्या, तुमच्या नव्हे. शंका आली तर विचारा. पहिल्याच दिवशी विचारा, दोन वर्षांनी नको." तो थांबला, आणि शेवटचं जरा मोठ्याने वाचलं. "स्टावरूला कारामानू."

साठ माणसं विचारात पडली. मग कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. पाद्रीबाबांनी दृष्ट लागू नये म्हणून वूलाच्या दिशेने तीनदा थू थू केलं.

"पण मला एक सांग," थानासिस अख्खं अंग वळवून म्हणाला, "मी आता कुठल्या कुशीवर झोपू?"

"कुठल्याही झोप, थानासिस. तू उंदीर नाहीस."

"बघा, मी बायकोला हेच सांगत होतो!" थानासिस खूश होऊन वळला आणि "आई गं" म्हणत मान धरून बसला.

त्यावरून वाद पेटला. माणसाची डावी बाजू समोरून धरायची की मागून, आणि भिंतीवर टांगलेल्या चौकटीत उंदराचं नाक छताकडे समजायचं की दाराकडे. ब्रायनीने मध्ये तोंड घातलं, तर सगळ्यांनी मिळून तिलाच गप्प केलं. स्टाथिसने चौकट क्लबाच्या भिंतीवर, सोंगट्यांच्या टेबलाच्या वर टांगली, आणि ती सरळ आहे की नाही यावरही दोन तट पडले.

तोवर वूलाने अक्रोडाचा दुसरा केक आणून टेबलावर ठेवला. तसाच, अंजिरं लावलेला. सुरी उचलली आणि सवयीने कडेला टोक लावलं. लावलं तोच अर्धं अंगण ओरडलं, "डावी!" आणि उरलेलं ओरडलं, "उजवी!"

वूलाने सुरी वर धरली. ताट फिरवून अंजिरं पलीकडच्या कुंपणाकडे केली, आणि मग कापायला सुरुवात केली.